हरवलं तरी चालेल असं काहीतरी

मंदे, आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती सगळ्यांना ओरडून ओरडून सांगताना माझा घसा बसलाय आणि इथे कुणाच्या डोक्यात शिरत नाहीये. तू घरात गेलीस. चारकोपच्या तुझ्या खोलीत, तुझ्या खाटेवर, रविवारी दुपारी, बांगड्याचं तिखलं आणि भात पोटभर जेवून. शेजारच्या डिसोझाबाई चहाला हाक मारायला आल्या तेव्हा पंखा चालू होता, पुस्तक छातीवर उघडं होतं आणि तू नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, तिला काही कळलंही नसेल. दरीत नाही, पुरात नाही, कुठल्या परक्या धर्मशाळेत नाही. घरात.

तरी नानाकाकांनी तुला उचलायच्या आधीच सुरू केलं. "कितके येळा सांगितलंय तिका, एका जाग्यार रव म्हणान. पायाक भिंगरी लावन फिरत रवला चेडू, आता भोगा." तू बद्रीनाथला गेलीस तेव्हा हेच काका म्हणाले होते, दरीत पडेल. आसामला गेलीस तेव्हा म्हणाले, हत्ती तुडवतील. आता तू धड आपल्या खाटेवर मेलीस, मग तरी गप्प बसावं ना माणसाने! नाही. म्हणे वाटेवरचं पाणी बाधलं. कुठली वाट आणि कुठलं पाणी? शेवटचा प्रवास तू दिवाळीच्या सुटीत केलास आणि गेलीस एप्रिलमध्ये. पाणी काय सहा महिने रांगेत उभं होतं का बाधायला?

मी रडले नाही असं समजू नकोस. रडले. पण माझं रडू रागाबरोबरच येतं, तुला माहीत आहे. डोळे पुसायला पदर वर घेतला की तोंडातून शिवीच बाहेर पडते. शेजारणी म्हणाल्या, सुलभाताई, मन मोकळं करा. मी म्हटलं, तेच करतेय, तुम्हाला सोसवतंय का बघा.

आपण घाटकोपरच्या शाळेत एका बाकावर बसलो. भूगोलाच्या बाई नकाशा टांगायच्या आणि तू बाकावरून अर्धी उठून बघायचीस. मी मागून तुझी वेणी ओढून तुला खाली बसवायचे. मग मोठी झाल्यावर तूच मला तुझ्या भावाच्या गळ्यात बांधलंस. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, आता मैत्रीण विसरायची, तिला वन्सं म्हणायचं, अहो-जाहो करायचं. मी एकदाच म्हटलं, "वन्सं, चहा घ्या." तू इतकी हसलीस की चहा नाकातून आला. तेव्हापासून पुन्हा तू मंदी आणि मी सुली, आणि सासूबाईंनी जो कपाळाला हात लावला तो शेवटपर्यंत खाली आणला नाही.

तुझ्या भावाला कुणाला काय भेट द्यावी ते कळत नाही. प्रभाकरचं तुझ्यावर प्रेम होतं, ढीगभर होतं, पण बाजारात गेला की त्याची अक्कल पायरीवरच बसून राहते. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला त्याने तुला काय दिलं? पितळेची समई, माझ्या कमरेइतकी. पुढच्या वर्षी स्टीलच्या डब्यांचा सेट. मग भिंतीवरचं घड्याळ, टोले देणारं. मग मिक्सर. तू ओवाळायचीस, पाटापुढे ती वस्तू यायची, तू "छान आहे हो दादा" म्हणायचीस आणि हळूच माझ्याकडे बघायचीस. एकटी बाई, अंधेरीच्या कंपनीत दिवसभर टेलिफोनचा बोर्ड सांभाळते, सुटी मिळाली की खांद्याला पिशवी लावून निघते, आणि तिला मिक्सर! त्याच्या सगळ्या भेटी एकच बोलायच्या: बस घरात.

मी तरी कुठे शहाणी होते? माझी पहिली भेट म्हणजे सुटकेस. कडक, लालभडक, दोन किल्ल्यांची. तू ती उचलून दारापर्यंत चालत गेलीस, परत आलीस आणि माझ्या पुढ्यात ठेवलीस. "सुले, ही मी न्यायची की हिने मला?" मला इतका राग आला! आपल्यात भेट नाही आवडली तर "कशाला एवढं" म्हणून कपाटात ठेवतात आणि पुढच्या बारशाला दुसऱ्याच्या माथी मारतात. तोंडावर परत कोण करतं? तू केलीस. वर म्हणालीस, "मला द्यायचं तर हलकं दे, दोन कामं करणारं दे, आणि हरवलं तरी चालेल असं काहीतरी दे. वाटेत हरवल्यावर रडत बसावं लागेल अशी वस्तू नको. ती भेट नाही गं, ती राखणदारी झाली."

मग मी हट्टालाच पेटले. म्हटलं, या बयेला नाव ठेवता येणार नाही असं काही दिलं नाही तर नाव लावणार नाही. पहिल्यांदा डिंकाचे लाडू दिले. मुंग्यांनी तुझ्याआधी उज्जैन गाठलं. मग स्वेटर विणला. तू म्हणालीस, ऊब झकास आहे पण मेंढीच खांद्यावर घेतल्यासारखं वाटतं. मग हळूहळू जमायला लागलं. जाड टॉवेल नाही, पातळ पंचा, जो डोक्याला बांधता येतो, अंगावर घेता येतो आणि तासाभरात वाळतो. परकराला आतून चेनचा खिसा. फोटो स्टुडिओवाल्याकडून रोलच्या रिकाम्या काळ्या डब्या मागून आणल्या, सोड्याने खळखळून धुतल्या आणि त्यांत मेतकूट, तिखटमीठ, सुंठसाखर भरली. त्या वेळी परत आलीस ती नाचतच. गाडीत कुणाच्या तरी दहीभातावर तू मेतकूट टाकलंस आणि भोपाळ यायच्या आत आजूबाजूची सगळी माणसं तुझी नातेवाईक झाली होती.

आणि ती दोरी! नायलॉनची, दोन्ही टोकांना आकडे. मी दिली कपडे वाळत घालायला. तू त्याच दोरीने धर्मशाळेचं मोडकं दार आतून बांधलंस, आणि एकदा म्हणे कुणाची बकरी धरून ठेवलीस. तिथे मला कळलं, दोन कामं करणारं म्हणजे काय.

पण तू हरवायचीस. मनापासून हरवायचीस! तू आलीस की मी हिशेब मागायचे. "दोरी?" "दिली." "पंचा?" "राहिला." "डब्या?" "एका मुलीला आवडल्या." पहिल्या वेळी मी अबोला धरला. नंतर मला त्याची चटकच लागली. मी शिवलेली पिशवी ओरिसात कुणा बाईच्या खांद्याला आहे, माझ्या पंच्याने हिमालयात कुणी तोंड पुसतंय, आणि मी इथे मुलुंडला मोरीत बसून पातेली घासतेय, हा विचार आला की मी एकटीच हसायचे. प्रभाकर विचारायचा, काय झालं? मी म्हणायचे, काही नाही, कळायचं नाही तुम्हाला.

इथेच आपलं भांडण लागायचं. तू म्हणायचीस, "सुले, खरं सांग, तुलाच जायचंय. ज्याला जायचं नसतं त्याला दोरीला आकडा कुठला लावावा हे सुचत नाही." दर वेळी हेच. चल माझ्याबरोबर, चल माझ्याबरोबर. मी नाही म्हटलं की तू चेहरा पाडायचीस, जणू मी पिंजऱ्यातली मैना आणि तू दार उघडून उभी. मंदे, तू मेलीस म्हणून माझं उत्तर बदलणार नाही. मला जायचं नव्हतं. मला गाडी लागते. परक्या संडासात जाववत नाही. परकी उशी टोचते. मला माझी खिडकी आवडते, माझी सोलकढी आवडते, सगळे बाहेर गेल्यावर दुपारी लागणारा रेडिओ आवडतो. तुम्हा फिरणाऱ्या बायकांना वाटतं, घरात बसलेली प्रत्येक बाई कोंडलेलीच आहे. डोंबल! शिंप्याला कपड्यातलं कळतं म्हणून काय त्याला नवरदेव व्हायचं असतं?

यावर पटलं असं काही तू म्हणाली नाहीस. म्हणालीस, "पुढच्या वेळी बोलू." ही काय पद्धत झाली? भांडण अर्धवट टाकून जायला तुला लाज कशी वाटली नाही?

माझा प्रवास म्हणजे तुझ्याकडे यायचा तेवढाच. मुलुंडहून आरे कॉलनीतून जाणारी बस. शेणाचा आणि ओल्या गवताचा वास सुरू झाला की बाकीच्या बायका नाकाला पदर लावायच्या आणि मी खिडकी पूर्ण वर करायचे. गोरेगावला उतरून दुसरी बस, मग चारकोप, आणि तिथे सगळे सेक्टर सारखे, सगळ्या खोल्या सारख्या. दर वेळी चुकून मी दुसऱ्याच कुणाचं तरी दार वाजवायचे. अखेर तुझ्या दारात आले की म्हणायचे, "जंगल ओलांडून आलेय, चहा टाक." एवढं मला पुरत होतं गं.

तुझ्यावरचा दुसरा राग असा की तू आमच्यासाठी कधी काही आणलं नाहीस. लोक काशीहून गंगा आणतात, जयपूरहून रजई आणतात, निदान प्रसादाचा पुडा तरी आणतात. तू यायचीस हात हलवत. स्टेशनवरून चारकोपला न जाता आधी आमच्याकडे, पाय धुळीने भरलेले, केसांचा झाडू झालेला. "काय आणलंस?" "भूक." आणि सरळ पाटावर बसायचीस. नातेवाईक तुला चिकट म्हणायचे. मी तुझ्या बाजूने कचकचून भांडायचे आणि आतून मलाही वाटायचं, एखादी बांगडी आणली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? पण मग तू जेवता जेवता बोलायला लागायचीस. कुठल्या गावात भाकरी कशी थापतात, कुठली नदी किती गार, कुणाच्या सुनेने तुला काय गुपित सांगितलं. माझा भात चुलीवर लागायचा आणि मी उठायचे नाही. ते तू दुसऱ्या कुणाला दिलं नाहीस, ते आधी माझ्या स्वयंपाकघरात आलं. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही, आणि मानले असते तर तू म्हणाली असतीस, सुलीला ताप आलाय.

ते सगळं ऐकत आणखी एकजण बसलेली असायची, आमची मीनल. तुझी भाची. तुझा रोग तिला लागणार हे मला ती चौथीत असतानाच कळलं होतं. यंदा तिचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. तूच म्हणालीस, परीक्षा झाली की मे महिन्यात अल्मोड्याला नेते. दोघींची दिल्लीची तिकिटं काढलीस. दिल्लीहून पुढे तुझ्या प्रवासातल्या मैत्रीण सरलाताई बरोबर येणार होत्या. प्रभाकर कुरकुरला, पण "तू आहेस ना बरोबर" म्हणून गप्प झाला. पोरगी हवेत होती. आरशासमोर उभी राहून पिशवी खांद्याला लावून बघायची.

आणि तू गेलीस.

अस्थी घेऊन आला त्या दिवशी प्रभाकर आंघोळ करून बाहेर आला आणि मीनलकडे न बघता म्हणाला, "ती तिकिटं रद्द करून टाक." ती म्हणाली, "बाबा, सरलाताईंचा शेजाऱ्यांकडे फोन आला होता. त्या मला स्टेशनवर उतरवून घेतील. म्हणाल्या, मंदाला शब्द दिलाय." तो म्हणाला, "घरातली एक फिरून फिरून गेली. दुसरी जाणार नाही. विषय संपला." मीनल मोरीत गेली, नळ पूर्ण सोडला आणि रडली. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

फिरून फिरून गेली! तुझ्या भावाने हे म्हटलं, ज्याने तुला त्या खाटेवरून स्वतःच्या हातांनी उचललं. त्याचं दुःख मला कळत नाही असं नाही. रोज सकाळी तो दाढी करता करता थांबतो, तसाच फेस लावून बसतो. त्याला कुणावर तरी चिडायचं होतं, मरणावर चिडून उपयोग नाही, म्हणून तो प्रवासावर चिडला. सगळं कळतं मला. पण त्याची भरपाई माझ्या पोरीने का करायची? मी घरात बसले ते माझ्या मर्जीने. तिला कुणी बसवलेलं मी खपवून घेणार नाही. या दोन गोष्टींतला फरक तुझ्याही लक्षात आला नव्हता आणि तुझ्या भावाच्याही नाही. दोघं एकाच आईची.

मग तेरावा आला. तेराव्याला दान असतं. गेलेल्या माणसाला पुढची वाट सोपी जावी म्हणून छत्री, वहाणा, पाण्याचा तांब्या, अंथरूण, कंदील द्यायचा. लहानपणापासून बघत आलेय, पण या वेळी तांदूळ निवडता निवडता डोक्यात उजेड पडला. अगं, हे तर प्रवासाला निघालेल्या माणसाला द्यायचं सामान! ज्या खानदानाने जन्मभर तुझ्या फिरण्याला नावं ठेवली, त्या खानदानाने आता सोवळं नेसून, पाटावर बसून, मंत्र म्हणून तुला प्रवासाचं सामान द्यायचं. मी एकटीच खो खो हसले. मग तशीच रडले, तांदळात.

आदल्या दिवशी नानाकाका तयार संच घेऊन आले. मिळतो दुकानात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. छत्री बाहुलीची. खाट माझ्या पोळपाटाएवढी. वहाणांत रांगत्या मुलाचाही पाय जायचा नाही. कंदिलाला वातच नाही.

"काका, हे काय?"

"दानाचा सामान. ताच देतत सगळे."

"ही छत्री उघडत नाही."

"उघडूक कित्याक व्हयी? थंय काय पाऊस पडता?"

"मग देताच कशाला?"

काका म्हणाले, पद्धत आसा. मंदे, माझं डोकंच फिरलं. जी बाई लाल सुटकेस तोंडावर परत करत होती, तिला शेवटची भेट काय, तर न उघडणारी छत्री! मी पिशवी घेतली आणि घाटकोपरच्या बाजारात गेले. तेरावा व्हायच्या आत घरची बाई बाजारात, म्हणून जिन्यात दोन तोंडं वाकडी झाली. होऊ देत.

छत्री घेतली ती तीन घड्यांची, उघडमीट करून, उलटी धरून काड्या ओढून बघितल्या. तांब्या घेतला फिरकीच्या झाकणाचा. त्यात पाणी भरायला लावलं आणि दुकानातच उलटा करून हलवला. दुकानदार म्हणाला, "बेन, पानी नहीं गिरेगा." मी म्हटलं, "गिरेगा तो आप पे ही गिरेगा." कंदिलाच्या जागी बॅटरी, मुठीत मावेल अशी. गादीच्या जागी पातळ सतरंजी, गुंडाळली की काखेत जाते. वहाणांच्या जागी कॅनव्हासचे बूट, रबरी तळव्याचे. प्रत्येक वस्तू हातात घेतली की तुझा आवाज कानात: जड आहे, सुले. एकच काम करते, सुले. दुकानदाराला वाटलं बाई स्वतःशी बोलतेय. बूट घेताना त्याने माप विचारलं, मी सांगितलं.

तेराव्याला भटजी आले ते तुला आवडले असते, मिश्कील म्हातारा. पाटासमोर एकीकडे काकांचा संच, दुसरीकडे माझं सामान. भटजींनी बॅटरी उचलली, लावून बघितली, स्वतःच्याच तळहातावर उजेड पाडला. मग मला म्हणाले, "वहिनी, खरं सांगू का, त्या छोट्या छत्र्यांचा माझ्याकडे ढीग पडलाय. नातवंडं खेळतात. तुमचं सामान मात्र उत्तम आहे. पण हे बूट मला व्हायचे नाहीत."

"तुमच्यासाठी नाहीत ते, भटजी. तुम्हाला शिधा, दक्षिणा, जेवण, मान, सगळं मिळेल. हे प्रवासाचं सामान आहे, प्रवास करणारीलाच जाईल."

प्रभाकरने बुटांकडे बघितलं. दर जूनला मीनलचे शाळेचे बूट तोच आणायचा. त्याला उचलायचीही गरज पडली नाही.

"हे मीनलच्या मापाचे आहेत," तो म्हणाला.

"हो."

काका उसळले. घरातलाच दान घरात खंय देतत, ह्या कुठल्या शास्त्रात लिवलला? भटजींनी शांतपणे दर्भ नीट केला. "भाचीला दिलेलं वाया गेल्याचं मी तरी ऐकलं नाही, नाना. आणि गेलेल्या बाईंची ती भाचीच. पण संकल्प सोडायचा यजमानांनी. त्यांनी ठरवावं."

प्रभाकर म्हणाला, "सुलभा, माझी बहीण गेलीय."

"माझी मैत्रीण गेलीय."

"आणि तू मला सांगतेस, आता पोरीलाही पाठव."

"अहो, ती घरात गेली," मी म्हटलं. या वेळी मी ओरडले नाही. ओरडायला आवाजच उरला नव्हता. "तुम्हीच उचललंत ना तिला? घर जर माणसाला धरून ठेवत असतं, तर ती आत्ता इथे बसून वडे खात असती. जन्मभर तुम्ही तिला घरात बसायच्या वस्तू दिल्यात. तिने प्रत्येक वेळी तुम्हाला ओवाळलं, प्रत्येक वेळी छान आहे म्हणाली. ही शेवटची भाऊबीज आहे. आज तरी तिला हवं ते द्या."

मीनल आतून आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि दोन्ही हात पुढे केले. तो म्हणाला, "ऊठ." ती उठली नाही. तुझाच हट्ट. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने पळीत पाणी घेतलं. अर्धं पाणी चटईवर गेलं, पण अर्धं तिच्या ओंजळीत पडलं, आणि भटजींनी वेळ न दवडता पुढचा मंत्र सुरू केला. काकांनी तो तेराव्याचा सोहळा बाटला असं जाहीर केलं, दोनदा वडे मागून घेतले आणि मग रुसून गेले.

भेटायला आलेला प्रत्येकजण निघताना म्हणतो, मंदाताईंना शांती लाभो. मी मान हलवत नाही. कशाला लाभो? तुला शांत बसवायला त्यांना जिवंतपणी जमलं नाही, आता देवाकरवी बसवताहेत होय? तू फिर. मेल्यावर जे काही असेल तेही बघून घे, डोंगर असेल तर चढ, नदी असेल तर पाय बुडव. आणि तिथे कुणी हातात न उघडणारी छत्री दिली तर तोंडावर परत कर. माझं नाव सांग.

आज दुपारी मीनलची गाडी होती. आम्ही दोघं बॉम्बे सेंट्रलला पोचवायला गेलो. तिचं तिकीट तेवढं ठेवून तुझं रद्द करायचं राहिलं होतं. काल तिने विचारलं होतं, "बाबा, आत्याच्या तिकिटाचं काय करू?" त्याने पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं होतं, "राहू दे." मला वाटलं, विसरला असेल, हल्ली सगळंच विसरतो.

डब्यात मीनल खिडकीशी बसली. समोरची जागा तुझी. प्रभाकर फलाटावर खिडकीचे गज धरून उभा, पाणी जपून पी, उतरल्यावर फोन कर, अनोळखी माणसाचं काही खाऊ नकोस, असं तेच तेच सांगत होता. तेवढ्यात एक जाडगेले गृहस्थ बोचकी सांभाळत आले, तुझ्या जागेवर टेकले आणि आजूबाजूला बघून म्हणाले, "ये सीट खाली है क्या?"

मीनलने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात तुझा भाऊ बाहेरून म्हणाला, "नहीं. मेरी बहन की है."

"अच्छा. कहाँ हैं वो?"

प्रभाकरने गज घट्ट धरले होते. क्षणभर मला वाटलं, आता याचा बांध फुटणार, आता हा पोरीला खाली उतर म्हणणार. तो त्या माणसाकडे बघून अगदी सरळ म्हणाला, "घूमने गई है."

मी काही बोलले नाही. मंदे, मी काही बोलले नाही, आणि हे तुला कुणी सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं नसतं.